बाबांच्या खोलीची मापं

११ नोव्हेंबर, मंगळवार

बाबांची खोली मोजली. दहा फूट लांब, नऊ फूट चार इंच रुंद. खाट काढली तर मोठी गोधडी चारही बाजूंनी सपाट पसरता येईल आणि खिडकीखाली माझं कॉम्प्युटरचं टेबलही बसेल. खाट असताना गोधडी अर्धीच पसरते. उरलेली गुंडाळून खाटेवर ठेवायची, मग अस्तराला चुण्या पडतात. त्या शिवून झाल्यावरच दिसतात!

मोजताना बाबा खाटेवर बसले होते. टेप सारखी घसरत होती, तर त्यांनी दुसरं टोक धरलं. भिंतीला टेकवून, अंगठ्याने दाबून – शिंप्याची सवय. काय मोजतोस, असं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

आकडे आधी इथेच उतरवले. खोलीत काय मावेल ते बायकोला लिहून द्यायचं होतं, पण त्या चिठ्ठीवर लिहायला मन धजेना.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी ही लॅबमध्ये जाते, चिमी बालवाडीत. मग साडेबारापर्यंत वेबसाइटचं काम – स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मिक्सरच्या शेजारी. चिमीला आणलं की दुपारी गोधडी. संध्याकाळी पुन्हा वेबसाइट. कागदावर हे फार नीट दिसतं. प्रत्यक्षात वेबसाइटच्या फाइलवर दोऱ्याचे तुकडे असतात आणि गोधडी शिवताना फोन वाजतो.

सध्या दोनच कामं हातात. एक, कानांची तपासणी करणाऱ्या मॅडमची वेबसाइट. पुढच्या बुधवारपर्यंत, म्हणजे १९ला, सुरू करून द्यायची. दुसरं, एका बाईंच्या दोन मुलींच्या लहानपणच्या फ्रॉकची गोधडी – शनिवारी २९ला द्यायची. मुली आता परगावी शिकतात. बाईंनी फ्रॉक देताना प्रत्येकाची हकीकत सांगितली. मी ऐकून घेतली आणि त्यांनी विचारलं, "शिवतं कोण?" तर म्हणालो, "घरचे करतात." घरचे! पंधरा वर्षांपासून मी सुई धरतोय, तरी हे एक वाक्य तोंडातून सरळ येत नाही.

मॅडमनी वेबसाइटसाठी मजकूर अजून दिलेला नाही. 'आमचे समाधानी रुग्ण' असं पान हवं म्हणतात, पण रुग्णांचे फोटो नाहीत. मी जागा भरायला बाबांचा फोटो लावला, मशीनवर बसलेला, छान उजेडातला. खाली चार ओळी मनाने लिहिल्या : "आधी घरात माझ्याशी कोणी बोलत नव्हतं. बोलायचे ते ओरडूनच. हळूहळू मीच गप्प झालो. आता नातीची कुजबुजसुद्धा ऐकू येते."

नुसता नमुना आहे. पण दोन मिनिटांत लिहून झाला, कुठे अडलोच नाही. नेहमी मला साध्या तीन ओळींना अर्धा तास लागतो. अकरावीत शाळा सुटलेली, म्हणून एकेक शब्द शब्दकोशात बघतो. आज बघावा लागला नाही.

१३ नोव्हेंबर

चिमीला सर्दी. काम शून्य.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज जे झालं ते लिहून ठेवतो. न लिहिलं तर उद्यापर्यंत मी त्याला चांगलं रूप देईन, माझा स्वभाव मला माहीत आहे.

संध्याकाळी बाबांच्या खोलीत गोधडी पसरली होती. मी टाचे घालत होतो – तिन्ही थर सरकू नयेत म्हणून आधी घालतात ते मोठे कच्चे टाके. ही दुसऱ्या बाजूने कापड ताणून धरत होती. बाबा खाटेवर बसून सुया ओवून देत होते. डोळे अजून चांगले आहेत त्यांचे, कानांनीच दगा दिला. दोन वर्षांपूर्वी दुकान बंद केलं आणि महिन्याभरात कान गेले. तेव्हापासून आम्ही तीन हाका मारतो तेव्हा ते एकदा वर बघतात.

दादाचा फोन आला. माझे हात गुंतलेले, म्हणून हिने स्पीकर लावून फोन फ्रॉकांच्या मधोमध ठेवला.

दादाला मी मागच्या आठवड्यात विचारलं होतं, बाबांना तुझ्याकडे ठेवशील का. त्याचं घर मोठं. तो म्हणाला, तुझी वहिनी तयार आहे, पण दोघंही नोकरीवर जातो. दारावरची घंटी ऐकू येत नाही, गॅसवर दूध उतू गेलेलं कळत नाही, अशा माणसाला दिवसभर एकटं कसं सोडायचं? मागून वहिनींचा आवाज : "आधी कानाला यंत्र बसवा म्हणावं, मग खुशाल पाठवा." दादाने विचारलं, "किती दिवसांसाठी?" मी म्हणालो, चार-सहा महिने, मग बघू. तर दादा हसला.

"छोट्या, तुझं 'मग बघू' मी लहानपणापासून ओळखतो. कायमचं म्हण ना सरळ."

मी पुढचा टाचा घातला. हिने माझ्याकडे बघितलं. फोन ठेवल्यावर ती हळूच म्हणाली, "निदान बाहेर जाऊन बोलायचं होतं. ते समोर बसलेत."

आणि मी म्हणालो – हे मी म्हणालो – "त्यांच्या कानाशी कारखान्याचा भोंगा वाजवला तरी समजायचं नाही. खाट विकून टाकू. नाहीतर गच्चीवर टाकू, भंगारवाला नेईल."

तेवढ्यात बाबांनी ओवलेली सुई माझ्यापुढे धरली. दोऱ्याला गाठही मारून दिली होती.

१५ नोव्हेंबर

हिने खाटेचा विषय पुन्हा काढला नाही. मीही नाही. दोघंही एकमेकांशी फार सभ्यपणे वागतोय.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी बघतो तर गोधडीची एक ओळ बदललेली! मी काल घातलेला धावदोरा निळ्या फ्रॉकजवळ जरा वाकडा गेला होता. चार बोटं, जास्त नाही. मला तो दिसला होता आणि मी चालेल म्हटलं होतं. बाबांनी तेवढाच उसवून पुन्हा घातला होता. इतका सरळ की कुठून कुठपर्यंत त्यांचा आणि कुठून माझा, हे उलटून पाहिलं तेव्हा कळलं.

मी ओरडलो. कामाला हात लावू नका, ग्राहकाची वस्तू आहे, तुमचं दुकान नाही हे. मोठ्याने बोलावं लागतं म्हणून मोठ्याने बोलतो, अशी माझी समजूत असते. पण एकदा आवाज चढला की त्यात इतर सगळं मिसळतं. अडकलेली वेबसाइट, झोप, जागा. बाबा माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग सुई उशीला टोचून ठेवली.

चिमी दारात उभी होती. म्हणाली, "पप्पा, हळू बोल. आजोबा इथेच आहेत."

तिचं आणि आजोबांचं वेगळंच चालतं. ती त्यांच्या मांडीवर चढून काहीतरी पुटपुटते आणि ते हसतात. हिचं म्हणणं, लहान मुलांचा बारीक आवाज त्यांना पोचत असेल. संध्याकाळी मॅडमचा फोन आला तेव्हा सहज विचारलं. त्या म्हणाल्या, साधारण उलटं असतं, वयाने कान जातात तेव्हा बारीक आवाज आधी जातात. म्हणाल्या, "आणा की एकदा वडिलांना. तुम्ही आमचं एवढं काम करताय." मी म्हणालो, आणतो. मग बघू, असंही म्हणालो बहुतेक.

१९ नोव्हेंबर, बुधवार

वेबसाइट सुरू झाली. वेळेत! मॅडम खूश. 'फार आपलेपणा वाटतो पान बघून,' असं म्हणाल्या. कोणतं पान, ते विचारलं नाही.

दुपारी जेवलोच नाही आनंदात. हिने आल्यावर डबा उघडून बघितला आणि टोमणा मारला – वेबसाइटने पोट भरत असेल तर भाजी तरी कमी करते.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार



घड्याळवाले काका आले होते. बाबांच्या दुकानाशेजारी त्यांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान, तीस वर्षांची दोस्ती. महिन्यातून एकदा येतात, बाबांशी मोठमोठ्याने एकटेच बोलतात, चहा पितात, जातात. आज दारातूनच सुरुवात. "काय मास्तर, यंत्र बसवलंत आणि आम्हाला पत्ता नाही?"

मला काही कळेना. त्यांनी फोन काढला. त्यांची सून स्वतःच्या आईसाठी यंत्र शोधत होती, तिला हे पान दिसलं. काकांनी फोन लांब धरला, चष्मा कपाळावर सरकवला आणि वाचायला लागले. मोठ्याने, थांबत थांबत, बाबांच्या तोंडाकडे बघत. "आधी घरात माझ्याशी कोणी बोलत नव्हतं... बोलायचे ते ओरडूनच..."

नमुन्याच्या मजकुरावर मी नेहमी पिवळी पट्टी लावतो. खरं आणि खोटं मिसळू नये म्हणून माझाच नियम आहे. वेबसाइट सुरू करायच्या आदल्या दिवशी मॅडमना दाखवताना पट्टी डोळ्यांत खुपेल, म्हणून एका आज्ञेने सगळ्या पानांवरची पट्टी एकदम काढली. दाखवून झालं की परत लावायची होती. विसरलो. पट्टी नाही म्हटल्यावर सगळंच खरं दिसायला लागलं, मलासुद्धा. एकेक शब्द शब्दकोशात बघणारा मी! मॅडमना वाटलं असेल, त्यांच्याच जुन्या रुग्णांपैकी कोणीतरी मी शोधून आणला.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभा. हातात कपबशा. काकांचं वाचून झालं. आता बाबा म्हणणार, कसलं यंत्र? आणि मग काका माझ्याकडे वळणार.

बाबांनी फोन हातात घेतला. फोटो बघितला. मग खालचं सगळं स्वतः वाचलं, ओठ हलवत. पूर्ण वाचलं. मला तो वेळ संपेचना.

"हो, बसवलं," ते म्हणाले.

काकांनी वाकून डावा कान बघितला, मग उजवा. "कुठंय? दिसत तर नाही."

"लहान असतं. म्हणूनच चांगलं."

काका हसले, मग जरा गंभीर झाले. माझ्याकडे बघून म्हणाले, "काय रे, खरंच बोलत नव्हता घरात कोणी? का मास्तरांनी आपलं रंगवून सांगितलं?" आणि मी उत्तर देण्याआधी बाबाच म्हणाले, जाहिरातीत असंच लिहितात, तू चहा घे.

तू चहा घे, हे काकांना म्हणाले. पण मी एकदम मान हलवली.

काका गेल्यावर बाबांच्या समोर जायला नको म्हणून मी चिमीची चित्रकलेची वही लावत बसलो. खरं तर एकही पान जागचं हललेलं नव्हतं त्या वहीतलं.

२२ नोव्हेंबर

फोटो आणि मजकूर काढून टाकला. तीन सेकंदांचं काम. मॅडमना कळवलं नाही. हिलाही नाही.

बाबांनी माझी लाज राखली, स्वतः खोटं बोलून. दुकानात एका सेंटिमीटरचं खोटं बोलले नाहीत कधी. कापड कमी आणलं असेल तर गिऱ्हाइकाला परत पाठवायचे. आणि इथे, तीस वर्षांच्या मित्राला!

मी त्यांना काहीच म्हणालो नाही. कारण म्हणायचं तर ओरडून म्हणावं लागेल. माफी ओरडून कशी मागतात? – बघा, कारणही कसं सोयीचं सापडलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

मॅडमचा फोन. आवाजावरूनच समजलं.

घड्याळवाले काका शनिवारी सुनेच्या आईला घेऊन तिकडे गेले. मास्तरांना बसवलंत तसंच लहान बसवा म्हणाले. मॅडमनी नाव शोधलं तर असा रुग्णच नाही. पान उघडलं तर फोटो गायब. मग मला फोन. "हे तुमचे वडील आहेत? आणि आम्ही त्यांना कधी पाहिलेलंसुद्धा नाही?" मी सगळं सांगितलं, पट्टीसकट. म्हणाल्या, माझ्या पेशात एक खोटा रुग्ण म्हणजे दहा खरे रुग्ण जातात. मग जरा निवळल्या. वडिलांना गुरुवारी घेऊन या. खरोखर तपासू, खरोखर यंत्र बसवू, मग त्यांना वाटलं तर त्यांच्या शब्दांत लिहू. नाहीतर तो विषय संपला आणि पुढचं कामही.

मी लगेच हो म्हणालो.

आणि हेही लिहितो, कारण ही वही दुसरं कोणी वाचत नाही – हो म्हणताना मला हायसं वाटलं. यंत्र बसलं की खोटं खरं होतं. यंत्र बसलं की वहिनींची अटही पूर्ण होते. बाबा दादाकडे जातात, खोली मोकळी होते. एका तपासणीत सगळं उरकतं. इतकं नीटनेटकं सुचलं मला, फोन कानाला असतानाच.

ही म्हणाली, "तू त्यांच्यासाठी नेतोयस की खोलीसाठी?" मी म्हणालो, दोन्ही. ती म्हणाली, "दोन्ही नसतं असं."

२५ नोव्हेंबर, मंगळवार

बाबांना सांगितलं. कानाजवळ तोंड नेऊन, हातवारे करून – गुरुवारी, कान तपासायला, तुमच्याच सोयीसाठी. सोय हा शब्द मी दोनदा ओरडलो.

ते म्हणाले, "गोधडी कधी द्यायचीय?"

शनिवारी, मी बोटांनी दाखवलं.

"मग पुढच्या आठवड्यात जाऊ. कडेची पट्टी राहिलीय अजून."

मी मान हलवून नाही म्हटलं. त्यांनी फार ताणलं नाही. इस्त्री गरम करायला ठेवली, पांढरा सदरा काढला. मग मला खुणेने बोलावलं. मला वाटलं, काही बोलायचं आहे. तर त्यांनी गोधडीचा कोपरा दाखवला. तिथे पट्टी कशी दुमडायची ते करून दाखवलं, एकदा उसवून पुन्हा दाखवलं. मी बघितलं. या वेळी हात लावू नका म्हणालो नाही.

दादाकडे जायचं, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही. यंत्र बसल्यावर सांगायचं असं मी आणि दादाने ठरवलंय. ऐकू यायला लागल्यावर पहिली गोष्ट त्यांना ही ऐकवायची!

२६ नोव्हेंबर

कडेच्या पट्टीचे दोन कोपरे मी केले, दोन त्यांनी. बाईंना कळणार नाही. मला कळतात.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

तपासणी झाली. बाबांना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन. आवाज आला की बोट वर करायचं. मी बाहेरून बघत होतो. आवाज मला ऐकू येत नव्हते, फक्त बोट दिसत होतं. वर. वर. पुन्हा वर. मॅडमनी आवाज बारीक करत नेला, तरी वर. त्यांनी यंत्रणा तपासली आणि सगळं पहिल्यापासून केलं.

मग दार उघडून म्हणाल्या, "काका, तुमचे कान उत्तम आहेत."

"हो," बाबा म्हणाले. "मध्ये महिनाभर बंद होते. मग उघडले."

"घरी नाही सांगितलंत?"

"कोणी विचारलं नाही."

येताना स्कूटरवर ते मागे बसले होते. रहदारी होती. मी तोंड उघडायला घाबरत होतो. सिग्नलला थांबल्यावर तेच म्हणाले, "दादाकडे कधी निघायचं ते नक्की सांग. त्या बेताने कपडे धुवायला टाकतो."

मी मान वळवली नाही, आवाज चढवला नाही. म्हणालो, "कुठेही जायचं नाहीये, बाबा."

सिग्नल सुटला. ऐकू तर गेलंच असणार.